बोललेला भाव

‘भाव बदलायचा आहे?’ लिंडक्विस्ट बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी नाही म्हणाले.

समोर बावीस जणांचा वर्ग आणि त्यातले बहुतेक हात वर. ‘तीनशे दहाला घेतो,’ कॉनर म्हणाला. त्याच्यामागून आणखी तिघं तेच म्हणाले. ज्यांनी आधी एकदा घेतलं होतं त्यांनी पुन्हा घेतलं. बाई फळ्यावर एकेकाचं नाव आणि त्यापुढे ३१० लिहीत होत्या. मी वर्गाच्या मध्यभागी उभी होते, हात मागे बांधून, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तशी.

सोळा वर्षं झाली त्याला. शिकागोतल्या एका विद्यापीठात मी गणिती वित्तशास्त्राचा अभ्यासक्रम करायला गेले होते. बार्शीच्या कॉलेजात चार वर्षं गणित शिकवल्यावर, नोकरीचा राजीनामा देऊन, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. वर्गातली बाकीची मुलं तेविसा-चोविसाची. अभ्यासक्रम सोळा महिन्यांचा होता आणि त्याचा एक साधा नियम होता. दोन विषयांत ‘सी’ श्रेणी मिळाली की नाव कमी. पहिल्या सत्रात संगणकाच्या विषयानं मला एक सी दिलेली होती. आता दुसरी मिळणं परवडणारं नव्हतं.

लिंडक्विस्ट बाई आम्हाला बाजार शिकवायच्या. त्यांनी तरुणपणी वीसेक वर्षं शिकागोच्या सौद्यांच्या रिंगणात उभं राहून, ओरडून धान्याचे सौदे केले होते. त्यात त्यांचा आवाज कायमचा बसला होता. त्या बोलायला लागल्या की पाट्यावर काहीतरी वाटल्यासारखा आवाज यायचा, आणि सगळा वर्ग आपोआप पुढे वाकायचा. त्यांच्या विषयाचे निम्मे गुण लेखी परीक्षेला आणि निम्मे एका खेळाला होते.

खेळ असा. बाई एक प्रश्न टाकायच्या. त्याचं उत्तर म्हणजे एक आकडा, जो वर्गात कुणालाच नक्की माहीत नसायचा. खरा आकडा बाईंनी लिफाफ्यात घालून टेबलावर ठेवलेला असायचा. एका विद्यार्थ्यानं मध्ये उभं राहून भाव बोलायचा. दोन आकडे सांगायचे, एवढ्याला मी घेईन आणि एवढ्याला विकेन. दोन्हींत फार अंतर ठेवायचं नाही. बाकीच्यांपैकी ज्याला वाटेल की खरा आकडा याहून मोठा आहे, त्यानं विकत घ्यायचं. लहान आहे असं वाटेल त्यानं विकायचं. मधल्यानं कुणालाही नाही म्हणायचं नाही. मात्र प्रत्येक सौद्यानंतर त्याला भाव बदलायची मुभा. शेवटी लिफाफा फोडायचा. खऱ्या आकड्याहून स्वस्तात घेतलं किंवा महाग विकलं तर मधला फरक हा नफा, उलट झालं तर तोटा, आणि तेच गुणांत उतरायचं.

त्या दिवशीचा प्रश्न होता, या इमारतीत तळघरापासून गच्चीपर्यंत पायऱ्या किती. मी मनाशी मजले मोजले आणि भाव बोलले, दोनशे नव्वदला घेईन, तीनशे दहाला विकेन. सगळे घेतच गेले. मी भाव बदलला नाही.

लिफाफ्यात तीनशे शहाऐंशी निघाले. गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाणारा जिना मी धरलाच नव्हता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. कॉनर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘आमचा आजचा दिवस तू चांगला केलास.’ तो वाईट मुलगा नव्हता. सौदे करणाऱ्या एका मोठ्या पेढीत त्यानं उन्हाळाभर काम केलं होतं. आवाज खणखणीत होता आणि चूक असताना मान खाली घालायची त्याला सवय नव्हती.

बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं.

‘सगळे घेतायत हे दिसत होतं ना तुला?’

‘हो.’

‘मग भाव का नाही वाढवला?’

‘बोलून बसले होते,’ मी म्हणाले. ‘शब्द फिरवायचा नाही, असं घरी शिकलेय.’

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘तू त्याला प्रामाणिकपणा समजतेस. बावीस माणसं तुला काहीतरी सांगत होती आणि तू ऐकलं नाहीस. मी याला बहिरेपणा म्हणते.’

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की शुक्रवारपर्यंत मी हा विषय सोडला तर श्रेणी लागणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा घेता येईल. नाही सोडला, तर प्रत्येकाला अजून एकदा मध्ये उभं राहायचंच आहे. चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि माझी पाळी शेवटच्या दिवशी आली होती. त्या दिवशी पेढ्यांतली माणसं नोकरीसाठी विद्यार्थी बघायला येतात. ‘मी तुझ्या जागी असते तर सोडला असता,’ बाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं म्हणजे व्हिसा वाढवायचा, त्यासाठी विद्यापीठाकडे अर्ज करायचा, आणि एक सी आधीच असलेल्या मुलीचा अर्ज कोण मंजूर करणार. म्हणजे सोडणं आणि घरी परतणं यांत फारसा फरक नव्हता.

गुरुवारी सकाळी मी घरी फोन केला. तिकडे संध्याकाळ होती, आप्पा नुकतेच मार्केट यार्डातून आलेले. माझे वडील बार्शीच्या बाजार समितीत मापाडी होते. आडतीवर, म्हणजे दलालाच्या गाळ्यावर, माल आला की काट्यावर पोती चढवायची आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. त्यांनी पुकारलेलं वजन कुणी दुसऱ्यांदा करून बघत नसे. आमच्या घराला यार्डात जो काही मान होता, तो त्यामुळे होता.

मी त्यांना सगळा खेळ सांगितला. पायऱ्यांचं ऐकून ते हसले. मग मी म्हणाले, ‘मी भाव बदलला नाही, आप्पा. तुमचंच डोक्यात होतं, एकदा बोललं की बोललं.’



‘शैला,’ ते म्हणाले, ‘मी वजन बोलतो. पोत्यात जेवढं हाय तेवढंच हाय, ते कुणाला विचारून ठरत न्हाई. भाव मी बोलतच न्हाई. भाव आडत्या बोलतो.’

‘मग?’

‘आडत्या भाव बोलतो म्हणजे शपथ घेत न्हाई. तो इचारतोय. एवढ्याला घेता का, म्हणून. समोरचा बोलला तर ते उत्तर. गप बसला तरी ते उत्तरच हाय. त्याला बघून पुढचा भाव बोलायचा. तू वजनासारखा भाव बोललीस, पोरी.’

त्यांनी मग तिकडच्या थंडीची चौकशी केली आणि फोन आईकडे दिला. शुक्रवारी मी बाईंच्या खोलीकडे गेलेच नाही.

पुढचे सहा आठवडे मी एक वही ठेवली. दर खेळाला दुसरं कुणीतरी मध्ये असायचं. मी कधीतरी एखादा सौदा करायचे, पण मुख्य लक्ष वहीत. कोण घेतं, कोण विकतं, आणि लिफाफा उघडल्यावर कुणाचं बरोबर निघतं. माणसाचं नाव, त्यापुढे बरोबर आणि चूक अशा रेघा. तिसऱ्या आठवड्यात मला पहिल्यांदा काहीतरी दिसलं. कॉनरच्या नावापुढे जेवढ्या बरोबरच्या रेघा होत्या तेवढ्याच चुकीच्या. तरी तो दर खेळात वर असायचा. कारण तो आधी घ्यायचा, मोठ्यानं. मग त्याच्या भरवशावर बाकीचे घ्यायला लागायचे, भाव चढायचा, आणि चढल्यावर तो गुपचूप विकून मोकळा व्हायचा. खरा आकडा किती हे त्याला माहीत असायची गरजच नव्हती.

वहीत दुसरं एक नाव होतं ज्याच्यापुढे रेघा फार थोड्या होत्या. हिरुत. इथियोपियाहून आलेली, शेवटच्या बाकावर खिडकीशी बसणारी मुलगी. ती इतकं हळू बोलायची की बाई तिला दरवेळी पुन्हा बोलायला लावायच्या. सहा आठवड्यांत तिनं फक्त अकरा सौदे केले होते. एका सौद्यात पाच नगांपर्यंत, म्हणजे नफातोटा पाचपट होईल इतकं, घेता-विकता यायचं, पण ती नेहमी एकच नग घ्यायची. अकरांपैकी दहा बरोबर निघाले होते.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी माझी पाळी आली. सकाळी दहाची वेळ. मागच्या भिंतीला खुर्च्या लावून पेढ्यांतली तीन माणसं बसली होती, दोन पुरुष आणि एक करड्या केसांची बाई. लिंडक्विस्ट बाईंनी लिफाफा टेबलावर ठेवला आणि प्रश्न वाचला.

आमच्या इमारतीला लागून एक जुनं सभागृह होतं. त्याच्या प्रवेशदालनात संगमरवराची भिंत होती, आणि तिच्यावर पहिल्या महायुद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांची नावं कोरलेली होती. आम्ही सगळे रोज तिच्यासमोरून जायचो. ‘त्या भिंतीवर नावं किती?’ बाईंनी विचारलं. दोन आकड्यांत चाळिसाचं अंतर ठेवायची परवानगी होती.

मी रोज तिथून गेले होते आणि एकदाही थांबले नव्हते. डोळे मिटून भिंत आठवून बघितली. ओळी लांब होत्या, अक्षरं बारीक. आठशेच्या आसपास असावीत.

‘सातशे ऐंशीला घेईन, आठशे वीसला विकेन.’

‘पाच घेतो,’ कॉनर म्हणाला. अजून दोघांनी पाच-पाच घेतले.

मी भाव वाढवला. आठशे चाळीस, आठशे ऐंशी. चौघांनी घेतलं. अजून वाढवला, नऊशे, नऊशे चाळीस. पुन्हा चौघांनी घेतलं. ‘ती भिंत छतापर्यंत जाते,’ कॉनर शेजारच्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी हजार आणि एक हजार चाळीस म्हणाले. हात अजून वर होतेच. दोघांनी त्याही भावाला घेतलं. पाहुण्यांतल्या करड्या केसांच्या बाईनं काहीतरी टिपून घेतलं.  हे सगळे बरोबर असतील तर मी पहिल्यापासून स्वस्तात विकत आले होते, आणि चुकीचे असतील तर त्यांच्यामागे पळत मी कुठल्या कुठे चालले होते. दोन्हींतलं काय खरं, ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला. बाईंनी कानाशी हात नेला.

‘काय म्हणालीस?’

‘विकते,’ हिरुत म्हणाली. ‘हजारला. पाच.’

मी तिच्या तोंडून पाच हा आकडा कधी ऐकला नव्हता.

मला एकदम ती जेवताना आठवली. त्या दालनात, भिंतीच्या समोर, एक लाकडी बाक आहे. दुपारी वर्गातली सगळी मुलं घोळक्यानं उपाहारगृहात जायची. मी माझा डबा घेऊन ग्रंथालयात जायचे, त्या दालनातून. आणि ती त्या बाकावर एकटी बसलेली असायची, मांडीवर डबा, नजर समोर भिंतीकडे. हिवाळाभर. मी मान हलवून पुढे गेले होते, रोज.

आमच्या यार्डात लिलावाला पन्नास माणसं ओरडत असतात. त्यांत एखादाच असतो ज्यानं पोत्यात हात घालून दाणा चावून बघितलेला असतो.

‘नऊशे, नऊशे चाळीस,’ मी म्हणाले.

वर्गात चुळबुळ झाली. एका सौद्याला शंभरनं भाव खाली आणलेला कुणी बघितला नव्हता. कॉनरनं लगेच पाच घेतले आणि त्याच्यामागे आणखी पाच जणांनी. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

‘विकते,’ हिरुत म्हणाली. ‘पाच.’

‘आठशे, आठशे चाळीस.’

‘शैलजा, फुकट वाटतेयस,’ कॉनर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, असं मला वाटलं. त्यानं पाच घेतले. आता जवळजवळ सगळेच घेत होते. बाईंचा खडू फळ्यावर थांबत नव्हता.

‘विकते. पाच.’

‘सातशे, सातशे चाळीस.’

मी शेवटच्या बाकाकडे बघत राहिले. हिरुतनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसली.

सातशेला ती विकत नव्हती. सातशे चाळीसला घेत नव्हती. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये होता.

बाकीच्यांचे हात वर होते, एकवीसच्या एकवीस, काहींचे दोन्ही. इतका स्वस्त भाव त्यांना वर्षभरात मिळाला नव्हता. एकेक जण पाच-पाच नग घेत होता आणि मी विकत होते. एक फेरी झाली. दुसरी सुरू झाली. तिचं जर चुकलं असेल तर पायऱ्यांचा दिवस त्यापुढे काहीच नव्हता. मग श्रेणीची गोष्टच संपली, अभ्यासक्रम संपला, सगळंच संपलं. बाईंनी खडू खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

‘भाव बदलायचा आहे?’

‘नाही.’

‘सगळे घेतायत, दिसतंय ना तुला?’

‘सगळे नाही,’ मी म्हणाले.

बाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि खेळ थांबवला. लिफाफा फोडला. आतला कागद त्यांनी आधी स्वतः वाचला, मग फळ्याकडे जाऊन सगळ्या नावांच्या वर मोठा आकडा लिहिला.

७१८.

 मग आकडेमोड सुरू झाली आणि हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. मी विकलेला प्रत्येक नग खऱ्या आकड्याच्या वरच गेला होता, घाबरत घाबरत विकलेले पहिले सुद्धा. हिरुतचे पंधरा नग सोडले तर माझा एकही सौदा तोट्यात नव्हता. वर्षभरात मध्ये उभं राहून एवढा नफा कुणी केला नव्हता. कॉनर फळ्याकडे बघत बसला आणि मग, त्याच्या मोठेपणाला शोभेल अशी पहिली टाळी त्यानंच वाजवली. मग बाकीच्यांनी वाजवायला सुरुवात केली. 

टाळ्या थांबल्यावर बाई म्हणाल्या, ‘मार्चमध्ये तू भाव बदलला नाहीस. आजही शेवटी बदलला नाहीस. काय फरक?’

‘तेव्हा मी कुणाचंच ऐकलं नव्हतं. आज एकीचं ऐकलं.’

‘कुणाचं?’

मी शेवटच्या बाकाकडे हात केला. सगळा वर्ग मागे वळला. आठ महिन्यांत त्या दिशेला एवढी तोंडं एकदम वळली नसतील.

करड्या केसांच्या पाहुणीनं हिरुतला विचारलं, तुला कसं माहीत होतं. हिरुत उभी राहिली. ‘मी तिथे जेवते,’ ती म्हणाली. ‘पहिल्या सत्रात कुणी बोलायला नव्हतं. मग मी ती नावं मोजत मोजत वाचायचे. रोज दोन ओळी.’

‘सगळी वाचलीस?’

‘तीनदा.’

पाहुणीनं तिला नाव विचारलं. हिरुतनं ते सांगितलं, नेहमीच्याच हळू आवाजात. तरी कुणालाही ते पुन्हा विचारावं लागलं नाही.

मला त्या विषयात ए मिळाली, हिरुतलाही. जूनमध्ये करड्या केसांच्या बाईंच्या पेढीनं आम्हा दोघींना नोकरीला बोलावलं, आणि मी तिथे अकरा वर्षं भाव बोलले. पण त्या मंगळवारी दुपारी हे काही माहीत नव्हतं. मी रस्त्यावरच्या थंड वाऱ्यात उभी राहून घरी फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं उरकली होती. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सातशे अठरा म्हटल्यावर ते एकदम हसले आणि आईला ओरडून सांगायला गेले. परत आल्यावर म्हणाले, ‘ती पोरगी कोण म्हणालीस?’

‘हिरुत.’

‘मैत्रीण का तुझी?’

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. वर्षभर एका वर्गात बसून मी तिच्याशी एक वाक्य बोलले नव्हते. तिची अकरा सौद्यांची नोंद माझ्या वहीत होती. ती कुठे राहते, घरी कोण आहे, मला काहीच माहीत नव्हतं. त्या भिंतीवरच्या नावांसारखंच मी तिला रोज बघून पुढे जात होते.

‘अजून न्हाई, आप्पा,’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जास्त पोळ्या केल्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. दुपारी दालनात गेले तर ती बाकावर होती. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि विचारलं, बसू का. तिनं शेजारची पिशवी उचलून खाली ठेवली. चटणी तिला इतकी आवडली की तिनं डब्याचं झाकण पुसून खाल्लं. मग तिनं मला तिसऱ्या ओळीतलं एक नाव दाखवलं. ते कोरताना कारागिराकडून एक अक्षर राहून गेलं होतं आणि नंतर वर बारीक करून घातलं होतं. तासभर आम्ही तिथेच होतो. तिला बोलायला आवडायचं, खूप. फक्त कुणी विचारलेलं नव्हतं.

शुक्रवारी कॉनर आपलं सँडविच घेऊन आला आणि म्हणाला, मलाही मोजायला शिकवा. त्याच्यामागून आणखी दोघं आले. पुढच्या आठवड्यात बाक पुरेना, तेव्हा आम्ही सगळे त्या संगमरवरी फरशीवरच गोल करून बसायला लागलो.